जमीन आपली, धूर कुणाचा

बिंगोच्या चेंडूवरचा आकडा अजून वाचता येत होता, पण चेंडू पांढरा राहिला नव्हता, म्हाताऱ्या दातासारखा पिवळा पडला होता. जमातीच्या बिंगो हॉलमध्ये आकडे पुकारणाऱ्या मर्नाने व्हिनेगरच्या फडक्याने तो चोळला तशी फडक्यावर चिकट तपकिरी रेघ उठली आणि तिच्या मनात आलं, की चेंडू निदान पुसता तरी येतात. लॉरेनची फुप्फुसं... धाकट्या बहिणीने आयुष्यात एक सिगरेट ओढली नव्हती, फक्त याच हॉलच्या कॅन्टीनमध्ये उभं राहून बॅनकच्या भाकऱ्या तळल्या होत्या — आणि आता ती घरी, नाकात नळी, कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरतंय. सकाळी म्हणाली होती, "आज तो सरकारी माणूस येणार ना? सांग त्याला. मला... एवढं बोलायला... दम पुरत नाही."

सांगते, मर्ना म्हणाली होती.

बाहेर, गोऱ्यांच्या गावात, प्रांताच्या कायद्याने सगळे हॉल बिनधुराचे झाले होते. म्हणून तिथले ओढणारे आता गाड्या भरभरून इकडे, रिझर्व्हवर, जमातीच्या राखीव जमिनीवर येत होते. दुपारचा खेळ सुरू व्हायच्या आतच छताखाली निळसर ढग साचला होता. लायल व्यासपीठापाशी आला. जमातीचा निवडून आलेला प्रमुख. नात्याने तिच्या चुलतबहिणीचा मुलगा. याला तिने टबात बसवून न्हाऊ घातलं होतं.

"मावशी, तो सरकारी माणूस काही विचारेल. तू तोंड उघडायचं नाहीस."

"का? लॉरेन तुझी कुणी लागत नाही?"

"प्रश्न धुराचा नाहीये गं, जमिनीचा आहे. इथे त्यांचा कायदा चालत नाही. आज सिगरेट विझवतील, उद्या चूल विझवतील."

"मग तू कर कायदा. कौन्सिल तुझीच आहे. एका दुपारचं काम."

तो हसला. "आणि ही गर्दी? ती काय तुझा आवाज ऐकायला येते?"

कानाखाली वाजवावी, असं तिला वाटलं. हाच माणूस मघाशी दारात पाहुण्यांना सांगत होता, की तंबाखू म्हणजे आपलं पवित्र औषध! आजोबा रानातून मूळ उपटायच्या आधी चिमूटभर तंबाखू जमिनीवर ठेवायचे, पुटपुटायचे, मग हात लावायचे... आणि हे फिल्टरवालं थोटूक, कॉफीच्या कपात चुर्र करून विझवलेलं — हे औषध?

आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर आला तो कोवळा, नम्र. पायपुसण्यावर बूट पुसून आत आला, याचाच तिला जास्त राग आला. टेबलाटेबलावर म्हाताऱ्यांनी मुद्दाम नव्या सिगरेटी पेटवल्या.

"पासपोर्ट आणलास का रे पोरा?" मागून एक बाई ओरडली. हॉल खदाखदा हसला.

तो सरळ व्यासपीठापाशी आला. "बाई, तुम्ही रोज इथे असता. तुम्हाला त्रास होतो का? तुम्ही बोललात तर आम्हाला आधार मिळेल. हे तुमच्याच फुप्फुसांसाठी आहे."

तुमच्याच फुप्फुसांसाठी... मर्ना लहान होती तेव्हा क्षय शोधणारी एक्स-रेची सरकारी गाडी शाळेच्या मैदानात उभी होती आणि आई हिरव्या कोटात रांगेत, कडेवर लॉरेन, आणि दुभाषा हेच म्हणाला होता, अगदी याच शब्दांत. लॉरेनला मर्नाच्या हातात देऊन आई बसमध्ये चढली. क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम कुठे होतं कुणी सांगितलं नाही, थडगं कुठे आहे तेही कुणी सांगितलं नाही. तेव्हाही माणूस नम्रच होता. टोपी काढून बोलला होता.

माईक चालूच होता. "होतो," मर्ना म्हणाली, "त्रास होतो. तुझा."

आणि लायलपुढे हात पसरला. त्याने पाकीट दिलं, काडीही ओढून दिली. आयुष्यातला पहिला झुरका तिने त्या कोवळ्या तोंडावर सोडला, आणि खोकला असा उसळला की टेबलाला धरावं लागलं. हॉल उभा राहून टाळ्या पिटत होता.

"मग कोर्टात ठरेल," इन्स्पेक्टर हळूच म्हणाला. मान लालबुंद झाली होती. तो निघून गेला.

"शाबास, मावशी!" लायल तिची पाठ थोपटत होता. खोकला थांबत नव्हता आणि तो थोपटत होता, लोकांकडे बघून हसत होता.

घरी दार उघडलं, तेव्हा तिच्या आधी वास आत गेला.

"सांगितलंस?" लॉरेनने विचारलं, आणि मग तिला वास आला. "...ओढलीस?"

"तो म्हणाला, तुमच्याच फुप्फुसांसाठी."

"मग?"

कोट न काढता मर्ना बहिणीपासून लांब, खिडकीशी बसली. त्या पोराला हाकलताना बरं वाटलं होतं — खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं होतं. आईसाठी काहीतरी केल्यासारखं. पण तो परका होता, आला आणि गेला, त्याच्यावर चिडायला काही मोल मोजावं लागत नव्हतं. लायल उद्याही दारात असणार होता. दफनाला, लग्नाला, बर्फात अडकलेली गाडी ढकलायला तोच येणार होता. त्याचा द्वेष करायचा तर रोज करावा लागेल, त्याच्याच ताटाशेजारी बसून, आपल्याच भाषेत. आपल्याला एवढं जमेल का, ते ती पहिल्यांदाच चाचपून बघत होती... आणि तिला कळेना, छातीत जे जळतंय तो धूर आहे की त्या द्वेषाची सुरुवात.