जुवाचे दुसरे भोक

मित्रांनो, कोठाराच्या दारावर ती पांढरी कोंबडी बसलेली दिसते ना? तिच्या पायांखालचे आडवे लाकूड म्हणजे मी. मी एक जुने जू आहे. जन्मभर मी दुसऱ्यांच्या मानेवर बसलो, आता कोंबडी माझ्या मानेवर बसते. फिट्टंफाट झाली!

इथे येणारी मुले मला पाहिले की एकच प्रश्न विचारतात. माझ्या पोटात दोन भोके आहेत. एक बरोबर मधोमध, गुळगुळीत आणि देखणे. त्यात लोखंडी कडी बसते आणि त्या कडीला नांगराची साखळी अडकते. दुसरे भोक त्याच्या डावीकडे आहे, जरा वाकडे, आणि त्याच्या शेजारी बोटभर लांबीची एक चीर आहे. मुले म्हणतात, सुताराचा हात चुकला असेल. हात चुकला नव्हता, मित्रांनो. त्या वाकड्या भोकामुळेच ही शेती इथे उभी आहे.

माझा जन्म ओहायोत झाला. तिथे एका ओढ्याकाठी मी एल्मचे झाड होतो. या घरची मालकीण थर्झा, तिच्या वडिलांनी मला भर हिवाळ्यात तोडले, सावलीत निवांत वाळू दिले आणि मग तासायला घेतले. बैलाच्या मानेला टोचू नये म्हणून त्यांनी माझे अंग काचेच्या तुकड्याने घासले. मान अडकवायच्या दोन कमानी त्यांनी हिकरीच्या लाकडाच्या, वाफेवर वाकवून केल्या. आणि लेकीच्या लग्नाच्या दिवशी जावयाच्या, म्हणजे एनॉस टटलच्या, हातात मला ठेवले.

थर्झाचे वडील बोलायला फार कंजूष होते. त्या दिवशी मात्र त्यांनी मधल्या भोकावर बोट ठेवले.

"दोरी लावून मोजलंय, एनॉस. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. दोघांना सारखं ओझं. संसारही असाच करा."

एनॉसला ते वाक्य इतके आवडले की पुढे तो ते येईल-जाईल त्याला ऐकवायचा. ऐकायला कोणी नसले तर बैलांना ऐकवायचा.

ते बैल म्हणजे टर्क आणि बेरी. टर्क कायम डावीकडे, बेरी कायम उजवीकडे. त्यांच्या मानेवर बसून मी आयोवापर्यंत आलो. मागे गाडीत थर्झा, दोन लहान मुली, बियाण्याची पोती आणि गाडीला बांधलेली पॅन्सी नावाची गाय होती. निघताना एनॉसचा थोरला भाऊ फाटकाशी उभा होता. तो हसत म्हणाला, "जा, जा! परत आलास की माझ्या तबेल्याच्या माडीवर झोपायला जागा आहे. राबायला गडी हवाच आहे मला." ते हसणे एनॉसच्या मनातून कधी गेले नाही.

इथला माळ म्हणजे माणसाच्या खांद्यापर्यंत गवत, आणि खाली मुळांची अशी गुंतवळ की फाळ आत शिरेना. पहिल्या वर्षी सगळ्या शेजाऱ्यांनी आपापले बैल एका साखळीत जोडून एकमेकांच्या जमिनी फोडल्या. त्या उलटलेल्या ढेपांत कुऱ्हाडीने खाचा पाडून मका टोचला, त्यावर पहिला हिवाळा निघाला. दुसऱ्या वर्षापासून ज्याचे शेत त्याने आपल्याच जोडीने नांगरायचे.

आणि नेमका त्याच हिवाळ्याच्या शेवटी बेरी गेला. ओढ्याच्या बर्फावर पाय घसरून पडला तो उठलाच नाही.

नांगरणीचे दिवस आले. एनॉसने सवयीने मला उचलले आणि हाक मारली. टर्क आला, स्वतःहून माझ्या डाव्या कमानीखाली मान घालून उभा राहिला आणि उजवीकडे पाहू लागला. बराच वेळ पाहत राहिला. एनॉसने मला खाली ठेवले आणि तो कोठाराच्या मागे गेला. मी लाकूड खरा, पण मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

शेजाऱ्यांचे बैल मागावेत, तर त्या दिवसांत प्रत्येकाचे बैल स्वतःच्याच शेतात असायचे. त्यात एनॉसला दलदलीच्या बाजूचा थंडीताप लागलेला. एक दिवस बरा जायचा, दुसऱ्या दिवशी दात वाजायचे. इकडे मक्याची वेळ तर कोणासाठी थांबत नाही. ओकची पाने खारीच्या कानाएवढी झाली की मका जमिनीत पडलाच पाहिजे. थर्झा रोज सकाळी दारापुढच्या ओकची फांदी वाकवून कोंब बघायची.

"पॅन्सी आहे ना," ती एका सकाळी म्हणाली.

"पॅन्सी गाय आहे," एनॉस म्हणाला.

"माहीत आहे मला. रोज सकाळी तिच्याखाली मीच बसते."

"अगं, नांगराला जुंपली तर दूध आटेल. पोरींनी काय प्यायचं?"

"पोरी थोडे दिवस मक्याच्या लापशीवर राहतील, वर काकवी घालीन. पण मकाच आला नाही तर लापशीही नाही, काकवीही नाही. मग आहेच तुझ्या भावाची माडी."

माडीचे नाव निघताच एनॉसने मला उचलले. पॅन्सीच्या गळ्यात माझी उजवी कमान पडली.

कुंपणापलीकडून ओबेड स्कॉफिल्ड हे सगळे बघत होता. वयाने मोठा म्हणून सगळे त्याला ओबेडकाका म्हणत, पण जीभ पोरासारखी. "काय रे एनॉस," तो ओरडला, "उद्या कोंबड्या पण जुंपणार का? तुझ्या गाईला बघून माझी गाय सकाळपासून गोठ्याच्या बाहेर यायला तयार नाही!"

"ओबेडकाका," थर्झाने तिथूनच उत्तर दिले, "तुमच्याकडे तर काकूच नांगर ओढतात असं ऐकलं. आमच्याकडे निदान गाय तरी आहे!"

ओबेडकाकाने टोपी काढून डोके खाजवले आणि तो आपल्या कामाला लागला.

पण मित्रांनो, टोमणा परतवला म्हणून जमीन नांगरली जात नाही. टर्क केवढा, पॅन्सी केवढी! टर्क पुढे जायचा, पॅन्सी मागे राहायची, आणि त्या दोघांमध्ये मी तिरका व्हायचो. नांगराचे तास, म्हणजे मातीतले चर, वाकडे जायचे. पॅन्सी जीव तोडून ओढायची. थोड्याच दिवसांत तिच्या मानेची कातडी सोलवटली, दूध वाटीभरावर आले आणि एका दुपारी ती तासातच गुडघ्यांवर बसली. माझ्याच भाराखाली ती हाफत होती आणि मला तिच्या मानेवरून उतरता येत नव्हते.

एनॉसने कमान सोडली. "पुरे झालं," तो म्हणाला. "गाय मारून शेती करायची नाही मला. गाडीची चाकं बघून ठेवतो. भावाकडे जाऊ."

थर्झा दारापुढे गेली. तिने ओकची फांदी वाकवून पाहिली. पाने उंदराच्या कानाएवढी झाली होती.

त्याच संध्याकाळी दोघे ओढ्यावरून पाणी आणत होते. काठीवर मोठी लाकडी बादली, पुढे एनॉस, मागे थर्झा. मी घराच्या ओंडक्यांना टेकून उभा होतो, त्यामुळे मला सगळे दिसले. चालता चालता थर्झाने बादली हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

एनॉस थांबला. "बादली कुठंय?"

"काठीवर आहे. आणखी कुठं असणार?"

"मधे नाहीये."

"चढ आहे. घसरली असेल."

"घसरली की घसरवलीस?"

"घसरवली!" थर्झा भडकली. "तुझे पाय लटपटतायत, मला दिसतात मागून."

"मी काय मेलोय? दोघांना सारखं ओझं. तुझ्या वडिलांनीच सांगितलंय."

थर्झाला राग आला की ती नवऱ्याला मिस्टर टटल म्हणायची आणि एकदम अहो-जाहोवर यायची. "वडिलांनी ते दोन धडधाकट बैलांसाठी सांगितलं, मिस्टर टटल! इथं एक बाई आहे आणि एक तापकरी माणूस आहे. सारखं कसं होईल? सांगा ना आता!"

एनॉसने रागारागाने बादली आपल्याकडे ओढली, थर्झाने तिकडून धरली आणि सगळे पाणी दोघांच्या अंगावर! दारातल्या मुली टाळ्या पिटून हसल्या. मोठी माणसे मात्र हसली नाहीत. एनॉस रिकाम्या बादलीकडे बघत राहिला, मग काठीकडे, आणि मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"थर्झा, तू बादली कुठवर ओढली होतीस?"

तिने काठीवर हात ठेवून दाखवले. आणि हात तिथेच राहिला, कारण तिच्याही ते लक्षात आले होते. ज्याच्या जवळ बादली, त्याच्यावर जास्त भार. मग कडी टर्कजवळ सरकवली तर?

"गिरमिट आण," एनॉस म्हणाला.

गिरमिट म्हणजे लाकडाला भोके पाडायचे हत्यार. मधल्या भोकाजवळ आणखी एक भोक म्हणजे मी उभा फाटण्याचीच भीती! एनॉसलाही ते कळत होते. गिरमिट हातात घेऊन तो थांबला. "फाटलं तर? नवं लाकूड वाळेपर्यंत साल जाईल. आणि तुझ्या वडिलांनी एवढं मोजून केलेलं..."

"फाटलं तर तुझ्या भावाची माडी. नाही पाडलं तरी माडीच. आणि वडिलांना मी ओळखते. ते इथं असते तर एव्हाना अर्धं भोक पाडून झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्झा मला धरून माझ्यावर बसली आणि एनॉस गिरमिट फिरवू लागला. भोक निम्मे झाले आणि त्याला थंडी भरली. हात थरथरायला लागले. थर्झाने त्याला माझ्यावर बसवले, गिरमिट स्वतः घेतले आणि उरलेले भोक तिने पाडले. म्हणून ते वाकडे आहे, मित्रांनो. अर्धे त्याचे, अर्धे तिचे. शेवटच्या फेऱ्याला माझ्या अंगातून कर्र असा आवाज आला. दोघांनी श्वास रोखला. मीही रोखला. चीर बोटभर गेली आणि थांबली. एनॉसने तिच्यावर ओल्या चामड्याची पट्टी करकचून गुंडाळली. वाळताना ती अशी आवळली की मी पहिल्यापेक्षा घट्ट झालो.

मानेची जखम सुकेपर्यंत पॅन्सीला त्यांनी विश्रांती दिली आणि कमानीला मेंढीचे कातडे गुंडाळले. मग कडी नव्या भोकात बसली. टर्कने पाऊल उचलले, पॅन्सीने उचलले, आणि मी सरळ राहिलो! आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता. गाय बैलाच्या खांद्याला खांदा लावून चालत होती आणि मागे काळीभोर माती उलटत होती. टर्कवर भार जास्त होता, पण त्याने एकदाही मान झटकली नाही. शेजारी पुन्हा कोणीतरी आहे, एवढेच त्याला हवे होते असे मला वाटते. थर्झा रोज संध्याकाळी त्याला मिठाचा खडा जास्त द्यायची.

एनॉस ताप नसेल त्या दिवशी नांगर धरायचा, ताप असेल त्या दिवशी थर्झा धरायची. ओकची पाने खारीच्या कानाएवढी झाली, त्या सकाळी शेवटचा मका जमिनीत पडला. थर्झा फांदी हातात धरून हसली आणि मग तिथेच उभी राहून रडली. पॅन्सीचे दूध उन्हाळ्यात परत आले आणि शरद ऋतूत मक्याने कोठार भरले. गाडीची चाके कोणी पुन्हा पाहिली नाहीत.

ओबेडकाका एक दिवस स्वतःचे जू खांद्यावर टाकून आला. "माझा उजवीकडचा बैल म्हातारा झालाय," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "तुझं गिरमिट जरा दे. आणि हे बघ, थर्झाला सांगू नकोस."

"ऐकलं मी, ओबेडकाका!" घरातून आवाज आला.

पुढे पॅन्सीचाच गोऱ्हा मोठा होऊन टर्कशेजारी आला आणि कडी मधल्या भोकात परत गेली. पण त्या घरात एक म्हण कायमची राहिली. कोणी आजारी पडले, कोणी बाळंत झाली, कोणाला दुःख झाले, की दुसरा म्हणायचा, "कडी माझ्याकडे सरकव." आणि काम उचलायचा.

मग घोडे आले, घोड्यांना जुवाची गरज नसते. मी कोठारात पडलो. कोळ्यांनी माझ्या कमानीत जाळी विणली. एकदा धाकट्या जावयाने मला चुलीसाठी बाहेर काढले होते. थर्झाने त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली, आणि त्या दिवसापासून मी या दारावर आहे.

परवा नात अल्मिराचे लग्न झाले. थर्झाने मला खाली उतरवायला लावले आणि स्वतः जवसाच्या तेलाने पुसले. नवरानवरी समोर उभी होती. अल्मिरा म्हणाली, "आजी, आमच्याकडे बैल कुठे आहेत? याचं काय करू?"

"दारावर टांग," थर्झा म्हणाली. तिने सुरकुतलेले बोट मधल्या भोकावर ठेवले. "हे माझ्या वडिलांनी पाडलं. दोघांना सारखं ओझं. फार सुंदर आहे, पण हे लग्नाच्या दिवसापुरतं." मग बोट वाकड्या भोकात घातले. "हे मी आणि तुझ्या आजोबांनी पाडलं. हे रोजच्या वापराचं."

तेवढ्यापुरते मला परत दारावर टांगले आहे, उद्या मी अल्मिराच्या गाडीतून नव्या घरी निघालो आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने लाकूड पडले असेल तर त्याला वर्षातून एकदा तेल लावा, आणि चुलीत घालण्यापूर्वी त्याच्या अंगावरच्या खुणा बघा.

जाण्यापूर्वी मी आज सकाळी दारातून शेवटचे पाहून घेतले. म्हातारा एनॉस आणि म्हातारी थर्झा विहिरीवरून पाणी आणत होती. तीच काठी, तीच चाल. फक्त आता पुढे थर्झा होती, आणि मागून एनॉस बादली हळूच स्वतःकडे ओढत होता.

"मिस्टर टटल," ती मागे न बघता म्हणाली, "कळतंय हं मला."

पण या वेळी तिने बादली परत ओढली नाही.