पडदा डोक्यावर आला

बायको गेली हे मला गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलं. मी दुकानात मशीनवर होतो. "तुमच्या मिसेस शिडीवरून पडल्या. डोक्याला लागलं. गेल्या हो," तो म्हणाला, आणि त्याच दमात, "उरलेले पडदे कोण लावणार?" असली माणसं.

पडदे मी शिवायचो, लावायची ती. हिवाळ्यात मूत्रपिंडाच्या आजारात तिला इंजेक्शनं दिली. ताप गेला, पण तोल गेला. दिवा गेला की भिंत धरून चालायची. "बघा, न पिताच चढलीये," म्हणायची.

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने लख्ख उजेडात तिला चालवलं. ती समोरच्या घड्याळावर नजर ठेवून सरळ चालली.

"कान उत्तम आहेत. टेन्शन घेता का?"

"आतापर्यंत नव्हते घेत," ती म्हणाली.

तो हसला. "कामाला लागा, बरं वाटेल."

ती लागली. शिडीवर उभी राहून दांडी उचलताना जाड पडदा घसरून तिच्या डोक्यावर आला. गिऱ्हाईक म्हणालं, ती धडपडलीसुद्धा नाही, उभीच्या उभी मागे गेली.

घरी मेहुणा पाय पसरून बसला होता. "दाजी, ताई पहिल्यापासूनच धांदरट."

"घाई नडली माझ्या पोरीला," सासूबाई म्हणाल्या.

ते मला सहन झालं नाही. मी पुन्हा त्या डॉक्टरकडे गेलो. आता मात्र त्याला सगळं येत होतं! प्लॅस्टिकचा मोठा कान उघडून दाखवला. आत तीन वाकड्या नळ्या. त्यांत पाणी. डोकं वळलं की पाणी मागे रेंगाळतं, बारीक केस वाकतात, मेंदूला कळतं. शेजारच्या पिशव्यांत खडूच्या कणांसारखे खडे, वर कुठे आणि खाली कुठे ते सांगणारे. काही इंजेक्शनांनी ते केस मरतात. मग माणूस डोळ्यांवर उभा राहतो. डोळे झाकले की संपलं.

"मग तेव्हा तिला डोळे मिटून उभं का नाही केलंत?"

"त्या दिवशी गर्दी होती हो."

"बरं. एवढंच माझ्या सासूबाईंना सांगा. पोरीची चूक नव्हती म्हणा."

"असं कसं सांगणार? उद्या तुम्ही कोर्टात जाल." त्याने कान मिटला, रुमालाने पुसला आणि कपाटात ठेवला. माणसाच्या कानाची एवढी निगा राखली असती तर.

घरी येऊन मेहुण्याला सांगितलं. "कानाचा आणि शिडीचा काय संबंध, दाजी? काहीतरीच!" म्हणाला आणि चहा मागितला. डोकं नुसतं टोपी घालायला दिलेलं.

सासूबाई येईल त्याला सांगतात, पोरगी घाईने गेली. त्यांना समोर बसवून खरं काय झालं ते सांगायचं अजून राहिलं आहे.