भिंतीवरचा वेलगुलाब

सासरे न्हावी होते आणि जावई वायरमन. दोघे एकाच घरात राहायचे, एकाच टेबलावर जेवायचे आणि एकमेकांशी जेमतेम बोलायचे. भांडण असं काही नव्हतं. भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते, आणि तीच व्हायची राहिली होती.

घरामागे बाग होती. बाग म्हणायची म्हणून म्हणायची. नळ, कपडे वाळत घालायची दोरी, एक लांबलचक कोरी भिंत आणि कोपऱ्यात लाकडी जाळीला टेकवलेला वेलगुलाब. गुलाब सासऱ्यांच्या मुलीचा, म्हणजे जावयाच्या बायकोचा होता. लग्नानंतर लगेच तिने नर्सरीतून त्याची काडी आणली होती. सोबत एक चित्र होतं, त्यात लालभडक फुलांनी भिंत झाकून गेलेली. प्रत्यक्षात भिंत झाकणं सोडाच, इतक्या वर्षांत एक कळीसुद्धा आली नव्हती.

याला कारण सासरे. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्यांनी सलून बंद केलं होतं, पण हात काही ऐकायला तयार नव्हते. थंडी सरली की ते कात्री घेऊन गुलाबापाशी जायचे, मान तिरकी करून त्याला न्याहाळायचे आणि मग कानामागून सुरुवात केल्यासारखे चहूबाजूंनी असे कापायचे, की वेलीचं झुडूप आणि झुडपाचा खुंट होऊन जायचा.

“बाबा, ती वेल आहे, गिऱ्हाईक नाही!” मुलगी ओरडायची.

“वाढलेलं बघवत नाही मला,” ते म्हणायचे, आणि मानेवरचे केस झटकावेत तशी पानं झटकायचे.

मुलगी नर्स होती. हॉस्पिटलने तिला जवळजवळ वर्षभराच्या ट्रेनिंगला दुसऱ्या शहरात पाठवलं. जाताना तिने बॅगेत सगळ्यात आधी काय भरलं असेल, तर झाडं कापायची कात्री. “ही माझ्याबरोबर येतेय,” ती वडिलांना म्हणाली. “आणि घरातल्या कात्रीला हात लावलात तर मला कळेल.”

ती गेली आणि घर एकदम गप्प झालं. दोघे पुरुष तिच्याशी फोनवर भरभरून बोलायचे आणि एकमेकांचे निरोप तिच्यामार्फत पाठवायचे. “त्याला सांग, आंघोळीनंतर गीझर बंद करत जा,” असं सासरे सांगायचे, तेव्हा जावई पलीकडच्याच खोलीत मोजे शोधत असायचा. मग तिचा फोन त्याला यायचा. एकदा ती वैतागून म्हणाली, “तुम्ही दोघं मधलं दार का उघडत नाही?” दोघांनीही वेगवेगळ्या फोनवर एकच उत्तर दिलं, “उघडंच आहे की.”

सासऱ्यांच्या मनात एक काटा होता. जावयाचे केस दाट, कुरळे, मानेवर रुळणारे. असे केस बघून कुठल्याही न्हाव्याचे हात शिवशिवावेत. आणि हा पठ्ठ्या ते कापायला जायचा कोपऱ्यावरच्या दुसऱ्या सलूनमध्ये! घरात आयुष्यभर हेच काम केलेला माणूस बसलेला असताना! सासऱ्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. पण तो केस कापून आला की ते त्याच्या मानेकडे बघायचे, आणि डाव्या बाजूला वरखाली झालेलं दिसलं की त्यांना जेवण जायचं नाही.

इकडे कात्रीच्या धाकातून सुटलेला गुलाब सुसाट निघाला. जाळी ओलांडून त्याचे फोक, नव्या लांबसडक फांद्या, छपरापर्यंत गेले. काटे टपोरे, पानं हिरवीगार, फूल मात्र नाही. “माजलाय,” सासरे फोनवर म्हणाले. “असू दे,” मुलगी म्हणाली.

मग एके दिवशी पहाटे जोराचा वारा सुटला आणि जुनाट जाळी बुडातून मोडून, वेलीसकट कपड्यांच्या दोरीवर आडवी झाली. जावयाला एका नव्या दुकानाच्या कामावर पोचायचं होतं. “संध्याकाळी बघतो,” असं दाराकडे बघत म्हणून तो गेला. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि ठरवलं, की याची वाट बघत बसण्याइतके आपण अजून म्हातारे झालेलो नाही.

त्यांनी जाळी खांद्यावर घेऊन उचलली. जाळी मधोमध तुटली, ते गुडघ्यांवर बसले आणि सगळी वेल त्यांच्या अंगावर आली. हात हलवला की काटे बाहीत, मान हलवली की कॉलरमध्ये. फोन आत, स्वयंपाकघरात. थोडा वेळ त्यांनी जोर लावून पाहिला, मग वेलीला शिव्या घालून पाहिल्या. शेवटी एक उपडी बादली कशीबशी पायाने ओढून तिच्यावर बूड टेकलं.

जावई दुपारी आला तो केवळ टेस्टर घरी विसरला म्हणून. मागचं दार उघडं दिसलं म्हणून त्याने डोकावलं, तर काट्यांच्या ढिगाऱ्यात सासरे, पाहुण्यांची वाट बघत असल्यासारखे बसलेले.

“अहो! ऐकलं का? काय झालं हे?” तो धावला. खिशातून पक्कड काढून त्याने पहिला फोक धरला.

“खबरदार वेल कापलीस तर!” सासरे कडाडले. “तुझी बायको मला जिवंत सोडणार नाही. आणि तुलाही.”

“मग काय कापू?”

“काही कापू नकोस. सोडव.”

जावई गुडघ्यांवर बसला आणि एकेक काटा सोडवायला लागला. वायरींच्या गुंत्याची सवय असलेली बोटं ती, घाई नव्हती. एक बाही मोकळी झाल्यावर सासरे म्हणाले, “एक विचारू? तू मला ‘अहो, ऐकलं का’ अशी हाक का मारतोस? तशी हाक माझी बायको मारायची.”

जावयाचे हात थांबले. कान लाल झाले. “काय म्हणायचं ते कळत नाही मला. बाबा म्हणावं तर ते हिचं. मामा म्हणावं तर जुनाट वाटतं. ठरवू ठरवू म्हणता राहूनच गेलं.”

“लग्नाला किती वर्षं झाली?”

“म्हणून तर आता विचारायची लाज वाटते.”

सासऱ्यांना हसू आलं. हसले तसा एक काटा मानेत घुसला. “आई गं! बाबा म्हण. तिची काय मालकी आहे त्यावर?”

त्यांच्या पाठीमागचे फोक सोडवायला जावई आणखी आत वाकला, आणि त्याच्याच डोक्याला हिसका बसला. केस अडकले होते. एका नाही, चार-पाच ठिकाणी. त्याने मान मागे ओढली तसे आणखी गुंतले. आता दोघेही अडकले, नाकासमोर नाक.

“हलू नकोस,” सासरे म्हणाले. त्यांचा उजवा हात मोकळा झाला होता. “मान खाली. आणखी खाली. हां.”

त्यांनी बोटांनी एकेक बट काट्याच्या वाकाच्या उलट दिशेने हलकेच काढायला सुरुवात केली. जावयाला कळलंही नाही कधी एक मोकळी झाली आणि दुसरी सुरू झाली ते.

“केस चांगले आहेत,” सासरे म्हणाले. “कापणारा गाढव आहे.”

“तुम्हाला राग आहे ना? मी तिकडे जातो त्याचा.”

“राग कसला.” जरा थांबून ते म्हणाले, “आहे.”

“अहो, बाबा, पहिल्यांदा मी तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही वर मान करून पाहिलंत आणि म्हणालात, ‘हे जंगल कुणी वाढवलं?’ मी हिला तेव्हाच सांगितलं, मी या माणसाच्या खुर्चीत बसलो तर टक्कल घेऊनच उठेन.”

“असं म्हणालो मी?”

“हात चोळत म्हणालात.”

सासऱ्यांनी आणखी एक बट सोडवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, “ते कौतुक होतं रे.”

शेवटी अंगातला स्वेटर तिथेच काट्यांना लटकता ठेवून सासरे बाहेर निघाले. जावयाने दुकानाला फोन करून सांगितलं, “आज नाही जमत, घरी काम निघालंय.” आणि दोघे चहा घेऊन वेलीसमोर उभे राहिले.

जाळीचं लाकूड कुजलं होतं, तिचा काही उपयोग नव्हता. जावई भिंतीकडे बघत म्हणाला, “भिंतीवरून नेऊ. वायर नेतो तशी, आडवी.”

“आडवी? वेल वर चढते, आडवी कोण बांधतं?”

“वर नेली तर बांधायला शिडीवर तुम्ही चढणार का?”

सासऱ्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि माघार घेतली.

जावयाने दोरी ताणून भिंतीवर सरळ रेघा मारल्या, खिळे ठोकले, आणि एकेक फोक हळूहळू वाकवून रेघेवर आणला. सासरे मागून वायरच्या तुकड्यांनी बांधत आले. जावयाने घट्ट बांधलेलं त्यांनी दोनदा सोडलं. “गळा आवळतोस काय? गिऱ्हाइकाच्या गळ्याला कापड बांधतो तसं हवं. दोन बोटं आत गेली पाहिजेत.” अंधार पडेपर्यंत काम चाललं. भिंतीवर वेल अशी दिसत होती, की सासरे म्हणाले, “आता फक्त बटण लावायचं राहिलंय.”

दोघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं, की वेलगुलाबाला नेमकं हेच हवं असतं. सरळ वर गेलेला फोक नुसता शेंड्याकडे धावतो. आडवा पडला की जागोजागी फुटतो. थंडी ओसरली तसा आडव्या फांद्यांच्या प्रत्येक पेरातून एकेक कोंब वर आला आणि प्रत्येक कोंबाच्या टोकाला कळी. पहिली कळी सासऱ्यांनी पाहिली. “अरे, बाहेर ये! लवकर ये!” जावई दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून धावत आला.

मुलगी परतायला थोडे दिवस राहिले, तोवर कळ्यांनी भिंत भरली होती. दोघांनी ठरवलं, तिला काही सांगायचं नाही. त्याच दिवशी दुपारी सासऱ्यांनी तिला फोन केला, “ऐक, गुलाबाला कळ्या आल्यात, भिंतभर. पण त्याला सांगू नकोस मी बोललो ते. बिचाऱ्याला तुला चकित करायचंय.” रात्री जेवणानंतर जावयाचा फोन आला, “तुला म्हणून सांगतो. बाबांसमोर आश्चर्य वाटल्यासारखं कर हं. त्यांचा फार जीव आहे त्यात.”

तिला ‘बाबां’चं नवल वाटलं, पण ती काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर मात्र तिने चकित व्हायची तयारी केली. तोंडावर हात, मग “अय्या!”, मग दोघांकडे आळीपाळीने बघणं.

दारात तिची बॅग एकाने घेतली, पर्स दुसऱ्याने, आणि दोघे तिला जवळजवळ ढकलतच मागे घेऊन गेले. ऊन नुकतंच भिंतीवर आलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. नळावर लाल, खिडकीच्या चौकटीवर लाल, खाली जमिनीवर पाकळ्या. तिला ना “अय्या” आठवलं, ना तोंडावर हात नेणं. ती नुसती उभी राहिली.

तिच्या मागे दोघांचं सुरू झालं होतं.

“बाबा, तुम्ही सांगितलंत हिला. हिच्या चेहऱ्यावर दिसतंय.”

“मी? तूच सांगितलंस. त्या रात्री पलीकडच्या खोलीत फोनवर कुजबुजत होतास ते काय विजेच्या बिलाबद्दल?”

“तुम्ही चोरून ऐकत होतात?”

“चोरून कशाला? दार उघडंच होतं. आणि ती खालची फांदी आज बांधायची होती, बांधलीस का?”

“तुमच्याशिवाय कशी बांधू? परत सोडाल.”

मुलगी वळली नाही. वळली असती तर दोघे गप्प झाले असते. पुढे होऊन तिने एक फूल हाताने जवळ ओढलं, त्यात नाक खुपसलं आणि मागचं भांडण संपेपर्यंत तशीच उभी राहिली. ते लवकर संपलं नाही.