थबकलेल्या पाण्याची वाट

मी खडकावरची शेवाळ बोलतेय. विहिरीच्या पायरीवर माणसांचे पाय घसरवते ती वेगळी. मी समुद्राची. भरतीत बुडणाऱ्या आणि ओहोटीत उघड्या पडणाऱ्या काळ्या खडकाला मी बुडाशी घट्ट चिकटून असते. रंग तपकिरी, अंग चामड्यासारखं. देखणी नाही, पण चिवट आहे. तरी खरं सांगते, माझा जन्म भीतीतच गेला.

ती भीती स्वतःसाठी कमी आणि लेकरांसाठी जास्त. आमच्यात नर वेगळा, मादी वेगळी, आणि जागचं कुणालाच हलता येत नाही. मी अंडी पाण्यात सोडायची, शेजारच्याने त्याचं बीज सोडायचं, आणि दोघांची गाठ पाण्याने घालून द्यायची. पाणी खवळलेलं असलं की सगळं वाहून जातं. म्हणून दिवसाउजेडी, भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं, त्या घटकेची आम्ही वाट बघतो. तोवर अंडी टोकांच्या फुगीर गाठींत जपायची.

त्या वर्षी पाणी थबकेचना. एक पंधरवडा गेला, दुसरा गेला. वारा आपला सुटलेलाच. माझी टोकं जड होऊन पिवळी पडली. शेजारणींची तर गळायला लागली, आतल्या अंड्यांसकट.

त्यातच एका ओहोटीला ताई विळा घेऊन आली. शेवाळ कापायची, वाळवायची, विकायची, हेच तिचं काम. मागून गमबूट फटफटवत तिची धाकटी बहीण आली. ही शिकलेली. तारेची चौकट खडकावर ठेवून आतल्या आम्हाला एकेक करून मोजायची.

"ताई, एवढा खडक सोड गं. यांनी अजून बीज सोडलेलं नाही."

"तुझ्या मोजण्याने माझी चूल पेटणार आहे का?"

"आणि आज सगळं कापलंस तर पुढच्या वर्षी काय कापशील? चार वर्षांपूर्वी इथे शेवाळीमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, तूच सांगतेस ना?"

ताईने मला मुठीत धरलं होतं. पातं अंगाला टेकलं होतं. मग मूठ सैल झाली.

"आठ दिवस. वर एक दिवस मागू नकोस."

सहाव्या दिवशी वारा पडला. दिवस कलताना भरती पूर्ण झाली आणि पाणी काचेसारखं उभं राहिलं. मी सगळी अंडी सोडून दिली. शेजाऱ्यांनीही हात आखडला नाही. अंडी माझ्या बुडाशीच खडकावर बसली आणि सकाळपर्यंत त्यांनी खडक पकडला. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी पोरं! मला आनंद व्हायला हवा होता. पण वारा पडला की ऊन चढतं, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशीची ओहोटी नेमकी भर दुपारी आली. खडक तव्यासारखा तापला. माझी पाती कडकडीत वाळली, त्यांची सावली उरली ती नावाला. दोघी बहिणी आल्या तेव्हा धाकटीने खडकाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"गेली बहुतेक," ती हळूच म्हणाली.

ताईने गोणपाट पाण्यात बुडवलं.

"नको ताई! जसं होतंय तसंच बघायचंय मला. हात लावला की नोंद खोटी ठरते."

"मरताना बघत बसायचं, याला नोंद म्हणतात होय?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वही छातीशी धरली. मग म्हणाली, "अर्ध्यावर टाक. अर्धा उघडा राहू दे. नाहीतर कशाने जगली ते कळायचं नाही."

गोणपाटाची कड माझ्या बुडाशी आली. माझी अर्धी पोरं ओलाव्यात, अर्धी उन्हात. पाणी परत चढेपर्यंत ताई बादलीने गोणपाट भिजवत राहिली. उघड्या बाजूकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी मात्र पाहत होते. दुसरं काय करणार?

काही आठवड्यांनी धाकटी भिंग घेऊन आली. उघड्या बाजूला काहीच नव्हतं. झाकलेल्या बाजूला राईच्या दाण्याएवढे अकरा कोंब होते.

"अकराच?" ताईने विचारलं.

"अकरा आहेत," धाकटी म्हणाली.

ताईने त्या खडकाला विळा लावला नाही. पलीकडचा कापला, तोही बुडाशी चार बोटं राखून.

आता माझं अर्धं अंग उन्हाने पांढरं पडलंय. बुडाची पकड एका बाजूने सुटलीय, दर लाटेला मी थोडी उचलली जाते. मी गेले की ही जागा उघडी पडेल, आणि पोरं अजून करंगळीएवढीही नाहीत. ओहोटीत त्यांच्यावर पडायला माझ्या या फाटक्या पात्यांशिवाय काही नाही. बाबांनो, खडकांवरून चालताना पाय जरा जपून टाका. लाटेला मात्र मी रोज एवढंच विनवते, आज नको.