एकोणचाळीस तेरा

याकोब मास्तर मुलांचे गुण कापायचे ते बहुतेक वेळा उत्तर चुकलं म्हणून नव्हे, तर एकक लिहिलं नाही म्हणून. कुणी नुसतं 'पाच' लिहिलं की विचारायचे, "पाच काय? बोकडं?" आणि ह्याच माणसानं मरताना खिशात चिठ्ठी ठेवली ती अशी : 'दगडावर – स्तोत्र ३९:१३.' एकोणचाळिसाव्या स्तोत्राचं तेरावं वचन, पण कुठल्या बायबलातलं, ते लिहिलं नाही.

दुसऱ्या कुणाच्या कबरीचा दगड असता तर प्रश्नच निघाला नसता. घरचं मराठी बायबल उघडायचं, वचन काढायचं, कोरायचं. पण मास्तरांनी निवृत्तीनंतर अकरा वर्षं एकच उद्योग केला होता : निरनिराळ्या बायबलांतले वचनांचे आकडे जुळवणं. इब्री, म्हणजे मूळ हिब्रू बायबलात स्तोत्राच्या डोक्यावरची ओळसुद्धा वचन म्हणून मोजतात, त्यामुळं आपलं बारावं ते त्यांचं तेरावं. कॅथलिकांच्या जुन्या पुस्तकात दोन स्तोत्रं एकत्र केलेली, त्यामुळं आपलं चाळिसावं ते त्यांचं एकोणचाळिसावं. मास्तरांच्या वहीत तीन रकाने होते. मराठीचे आकडे तांबड्या शाईनं, इब्रीचे निळ्या, कॅथलिकांचे शिसपेन्सिलीनं. तिन्ही हत्यारं कायम सदऱ्याच्या खिशात. त्यांची बायको शालूबाई शेजारणींना सांगायची, "दुसऱ्यांचं नवरं पेन्शनीत पत्त्याला बसत्यात, आमचं हे द्येवाच्या चुका काढत्यात."

मास्तर गेले तेव्हा शालूबाई रडली नाही. लोक म्हणाले, बाई घट्ट हाय. घट्ट वगैरे काही नव्हतं. कुणी काही म्हटलं की ती "बरं" म्हणायची आणि ते काम करायची. प्रार्थनेला बसा, बरं. जेवा, बरं. वर्ष भरत आलं, दगड बसवायचा हाय, बरं. चिठ्ठी हरवेल म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढली, ती मुलीला दिली आणि मूळ चिठ्ठी स्वतःच्या बायबलात ठेवली.

मुलगी साक्षी राजारामपुरीत कॉम्प्युटर शिकवायची. दोन हजार सहा साल, तिच्या क्लासात इंटरनेट होतं. एका दुपारी ती कागदांचा गठ्ठा घेऊन आली.

"आई, अप्पांच्या वहीसारखा तक्ता कुणीतरी नेटवर ठेवलाय. पन्नासेक बायबलांचा. फुकट. कुणीबी घ्या, वापरा, चूक गावली तर कळवा म्हणत्यात."

"अकरा वर्षं," शालूबाई म्हणाली.

"मी पंधरा मिन्टात उतरवला. बरं ते ऱ्हाऊ दे. ह्या आकड्याला तीन वचनं निघत्यात."

"बरं."

"बरं काय? ऐक की. कॅथलिकांचं धरलं तर, माझी पापं डोक्यावरच्या केसांपेक्षा जास्ती झाल्यात."

"केस हुतं कुटं त्यांच्या डोक्यावर?"

साक्षी हसली. शालूबाई नाही. तिनं फक्त आकड्यातली चूक दाखवली होती.

"इब्रीचं धरलं तर, देवा, मी तुझ्याजवळ परका, वाडवडलांसारखा पाहुणा. आणि आपल्या मराठीत..." साक्षीनं कागद गठ्ठ्यावर ठेवला. "आपल्यात हाय, माझ्यावरची नजर काढ, म्हंजे जायच्या आदी मला जरा बरं वाटंल. हे न्हवं गं. दगडावर कोण असलं लिवतं? अप्पा पाहुण्याचंच म्हणत असणार. चर्चचे पाळकसाहेबबी तेच म्हणाले."

शालूबाईनं कागदांची चळत सरळ केली. चारी कोपरे जुळले तरी सरळ करत राहिली.

त्रेचाळीस वर्षं तिनं मास्तरांवर नजर ठेवली होती. रक्तात साखर निघाल्यापासून तर फारच. लग्नकार्यात बायकांच्या पंगतीतून पुरुषांच्या पंगतीतले लाडू मोजायची. दवाखान्यात बारा दिवस खाटेजवळच्या स्टुलावर बसून त्यांचा श्वास, सलाइनचा थेंब, ओठ, सगळं बघत होती. आठव्या दिवशी मास्तर म्हणाले, "शालू, जरा तिकडं बघ की."

"तिकडं बगितलं तर हिकडं तुमी कायतरी खाशीला," ती म्हणाली, आणि बघतच राहिली. चार दिवसांनी ते गेले तेही ती बघत असतानाच. चिठ्ठी सदऱ्यात सापडली, तीन हत्यारांच्या मागं.

साक्षी चहा टाकायला आत गेली तेव्हा शालूबाईनं बायबल उघडलं. झेरॉक्सवर सगळं काळं येतं. मूळ चिठ्ठीतला आकडा तांबडा होता, वहीतल्या मराठीच्या रकान्यासारखा. तो तिनं वर्षभर तांबडाच बघितला होता. चिठ्ठी तिनं परत ठेवली.

"मग काय सांगू?" साक्षीनं आतून विचारलं.

"नुसता आकडा घालू दे."

दगड कोरणारा उचगावचा धम्मपाल. त्याला हे पटलं नाही. "मावशी, नुस्त्या आकड्यानं लोकांस्नी कळायचं काय? गाडीचा नंबर वाटंल की."

"ज्यांच्या घरात जे पुस्तक आसंल त्यात बगतील."

"पाहुण्याचं वचन झकास हाय. ताईंनी लिवून दिलंय. जागाबी हाय."

"जागा ऱ्हाऊ दे."

वर्षाच्या दिवशी सकाळी कब्रस्तानात पंचवीस-तीस माणसं जमली. डिसेंबरातली हवा, लांबवरचं स्वच्छ दिसत होतं. पाळकांनी प्रार्थना केली, मग पुस्तकं उघडली गेली. पाळकांनी पाहुण्याचं वाचलं. शेजारच्या कॅथलिक चिमणाबाईनं घरून जुनं पुस्तक आणलं होतं, तिला पापांचं सापडलं. ती ओशाळून म्हणाली, "मास्तरांची कसली आलीत पापं?" मराठीतलं बऱ्याच जणांनी मनातल्या मनात वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"आई, बघ की," साक्षी म्हणाली. "अक्षर कसं आलंय बघ."

"बरं आसंल," शालूबाई म्हणाली.

ती दगडाजवळच उभी होती, हात पुरेल इतकी जवळ. पण तोंड तिनं वायव्येला, जोतिबाच्या डोंगराकडं केलं होतं. लोक पांगेपर्यंत ती तिकडंच बघत उभी राहिली.