काळ्या व्हर्जिनियाची शेवटची वडी

आमचे चिंतामणी वकील जाऊन वर्ष होत आलं आणि घराला त्यांचा वास येईनासा झाला. लोक फोटो बघत बसतात, मला तो वास हवा होता. म्हणून मी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली नीला, भर दुपारी दार लावून नवऱ्याचा पाइप ओढायला बसले. हसा खुशाल.

त्यांचा तंबाखू म्हणजे काळा व्हर्जिनिया. दाबून केलेल्या चपट्या, ओलसर वड्या. मोठा मानी प्रकार. ओला पेटवला तर विझतो, भराभर ओढला तर जीभ भाजतो. वकीलसाहेब वडी बशीत सुकवायचे, वर जाळी झाकून, नाहीतर शेजारच्या कापड विणणाऱ्या लूमचा उडता कापूस बसतो. मग पाइप नुसता धुमसत ठेवायचे. कोर्टात तारखा घेऊन घेऊन तेवढा धीर आला असावा. मला धीर कुठला? आधी जीभ पोळली, मग काडेपेटी संपली. घरभर धूर झाला, पण तो जळक्या गवताचा. त्यांचा नव्हे. असं करत करत डब्यात एकच वडी उरली. हा तंबाखू आता बनतच नाही. आमच्या सुयशने परदेशातली दुकानं पालथी घातली, तरी मुलाच्या हाती काही लागलं नाही.

पेटवण्याआधी वडी चोळून मोकळी करावी लागते. माझ्या हातून तिचे नुसते तुकडे पडत होते आणि मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या पार्वतीने दार वाजवलं. मूळची दिघाशी गावची, जन्मभर तंबाखू मळून खाणारी. तिला मी सगळं सांगून टाकलं.

"आण इकडं, ताय. हा हाताचा काम हाय, तुला न्हाय जमायचा."

तिच्या अंगठ्याखाली वडी सुरेख सुटू लागली. माझा जीव भांड्यात पडला. आणि तिच्याही नकळत तिच्या दुसऱ्या हाताने कमरेच्या पिशवीतली डबी उघडली. बोटभर चुना तंबाखूत गेला, वर अंगठाही फिरला.

"पार्वती, अगं चुना!" मी तिचं मनगट धरलं.

तिचा चेहरा उतरला. "हाताला सवय हाय गो, ताय."

संपलं. चुना लागलेला तंबाखू पाइपात कसला भरायचा? मी रागाने तिचा तळहात जवळ ओढला आणि थबकले. मनुकांसारखा, वाळल्या पेंढ्यासारखा गोडसर वास. हा वास धुराचा नव्हताच कधी. मला ताप आला की कपाळावर यायचा, त्यांच्या त्या हाताचा होता. इतके दिवस मी तोच जाळत बसले होते.

"धुवून येतंय," पार्वती हात सोडवू लागली.

"नको." चुन्यासकट तिचा तळहात मी कपाळावर घेतला आणि डोळे मिटले.