रुस्तुमचा पट्टा

"हा पट्टा कुत्र्याला हवाय की देवडीच्या दरवाज्याला?" संभाजी जीनगरानं विचारलं.

मच्छिंद्र पट्टे उलटसुलट करत राहिला. कसबा पेठेतल्या त्या अरुंद दुकानात त्याच्यासमोर तीन पट्टे पडले होते. एक म्हशीच्या कातड्याचा, एक लोखंडी कड्यांचा आणि एक खिळ्यांचा. खिळ्यांचा पट्टा धनगर आपल्या कुत्र्यांना घालत, बिबट्यानं मान धरू नये म्हणून. त्याचे खिळे अर्थातच बाहेर असत. मच्छिंद्राला ते आत हवे होते.

"आत?"

"आत. ओढलं की टोचलं पाहिजे."

"कड्यांचा नेलात तेव्हाही हेच म्हणाला होतात. त्याच्या आधी घोड्याची म्होरकी कापून कुत्र्याच्या तोंडावर चढवलीत. ती त्यानं खाल्ली."

"अर्धीच खाल्ली," मच्छिंद्र म्हणाला.

बाहेर रुस्तुम दुकानाच्या खांबाला बांधलेला होता. खांब अजून जागेवर होता, पण संभाजी मधूनमधून वर आढ्याकडे बघून घेत होता.

मच्छिंद्र हा सरदार दळवेकरांच्या शिकारखान्यातला कुत्र्यांचा राखणदार. पानपत होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पुणं पुन्हा सावरलं होतं, आणि सावरलेल्या शहरात लोक करतात ते सगळं करत होतं. म्हणजे एकमेकांच्या स्वाऱ्या मोजत होतं. दसऱ्याला दळवेकरांची स्वारी सीमोल्लंघनाला निघे. सर्वांत पुढे निशाण, मग जरीची झूल घातलेला शिकारखान्यातला मोठा कुत्रा, त्याचा दोर धरून मच्छिंद्र, आणि त्याच्या मागे घोड्यावर खुद्द सरदार. म्हणजे वर्षातून एक दिवस सरदार मच्छिंद्राच्या मागून चालत. हा हिशेब त्यानं कुणाला बोलून दाखवला नव्हता. बाकीचं सगळं वर्ष तो त्या दिवसावर काढायचा.

जुना कुत्रा म्हातारा होऊन गेला आणि कुणा व्यापाऱ्यानं सरदारांना रुस्तुम नजर केला. वासराएवढा, पिवळसर, मोठ्या डोक्याचा. स्वभावानं वाईट नव्हता. फक्त जायचं कुठे, हे तो स्वतः ठरवायचा. सकाळी मच्छिंद्र त्याला घेऊन निघाला की ओट्यावरची माणसं एकमेकांना सांगत, "चला, रुस्तुमनं मच्छिंद्राला फिरायला काढलं."

आतल्या खिळ्यांचा पट्टा तयार झाला. टोचलं की कुत्रा थांबतो असा मच्छिंद्राचा समज होता. टोचलं की टोचणाऱ्यापासून लांब पळावं असा रुस्तुमचा होता. चारच दिवसांत कुत्र्याची मान चिघळली आणि ती नेमकी सरदारांच्या नजरेस पडली. सरदारांनी लढायांत माणसांचं रक्त पुष्कळ पाहिलं होतं, त्याचं त्यांना काही वाटत नसे. कुत्र्याचं पाहून मात्र ते जेवले नाहीत.

दुसऱ्याच आठवड्यात सरदारांनी रुस्तुमसाठी नेमलेला जयसिंग आला.

जयसिंग उत्तरेकडचा. बरीच वर्षं दक्षिणेत काढलेला, बोलायला मऊ, मिशा पांढऱ्या. त्यानं आल्या आल्या खिळ्यांचा पट्टा सोडला, मानेला हळद-तेल लावलं आणि जखम भरेपर्यंत नुसता कुत्र्याशेजारी बसून राहिला. मग रुंद मऊ कातड्याचा पट्टा घातला, आत दोन बोटं जातील एवढा सैल. रुस्तुमनं ओढलं की जयसिंग उभा राही. ओरडणं नाही, काठी नाही. कुत्र्यानं मागे वळून दोर ढिला केला की वाळक्या मांसाचा एक तुकडा, आणि पुढे पाऊल.

पहिल्या दिवशी वाड्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत जायला त्याला उन्हं वर आली.

"हा माणूस चालायचा पगार घेतो की थांबायचा?" मच्छिंद्र मोठ्यानं म्हणाला. लोक हसले. ते हसले तो शेवटचा दिवस. महिन्याभरात रुस्तुम जयसिंगाच्या गुडघ्याशी डोकं ठेवून कसब्याच्या भरगर्दीतून चालू लागला. मधला दोर धुणं वाळत घालायच्या दोरीसारखा लोंबत असायचा. तो लोंबणारा दोर मच्छिंद्राला जेवताना दिसे, झोपताना दिसे. मच्छिंद्राकडे आता कण्या शिजवणं आणि जागा झाडणं राहिलं होतं. रुस्तुम ज्या तोंडानं त्याच्या हातचं खाई, त्याच तोंडानं जाऊन जयसिंगाचा हात चाटी.

"काय आहे त्याच्यात?" त्यानं रात्री बायकोला विचारलं.

"कोणात? कुत्र्यात की जयसिंगभाऊंत?" मैना भाकरी उलटत म्हणाली.

"भाऊ कधीपासून झाला?"

"परवा पाण्याची घागर उचलून दिली. तुम्ही शेजारीच उभे होता."

"माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष होतं. त्यांच्याकडे होतं. अहो, लग्न झाल्यापासून माझ्याकडे जेवढं बघितलं नाहीत तेवढं त्या माणसाकडे बघता. डोळ्यांत घालून ठेवा म्हणजे झालं."

मच्छिंद्र पुढे जेवला नाही. पण बायको बोलली त्यात तथ्य होतं. तो जयसिंगाकडे फार बघत होता, आणि इतकं बघितल्यावर माणूस इच्छा नसताना शिकतो. कोणत्या हातात दोर, तुकडा कधी द्यायचा, कधी नाही, हे सगळं त्याला पाठ झालं. भल्या पहाटे, जयसिंग आंघोळीला गेला की तो रुस्तुमपाशी जाई. जीभ टाळूला लावून 'टक्' असा आवाज करी आणि रुस्तुम आला की मांसाचा तुकडा देई. रीत सगळी जयसिंगाची. आवाज तेवढा स्वतःचा.

दसऱ्यापर्यंत रुस्तुम त्या आवाजाला भरल्या थाळीवरून उठून येऊ लागला.

त्याला काही मोठं करायचं नव्हतं. सगळ्या पेठेसमोर कुत्र्यानं एकदा त्याच्याकडे मान वळवावी, जयसिंगाचा दोर एकदा ताणला जावा, एवढंच. स्वारी निघाली तेव्हा तो कोपऱ्यावर गर्दीत उभा होता. निशाण गेलं. मग जरीच्या झुलीतला रुस्तुम आला, शेजारी नवं पागोटं बांधलेला जयसिंग. दोर लोंबत होता. "वा! काय चालतोय!" शेजारची बाई म्हणाली. हे नेमकं कुणाबद्दल, ते तिनं सांगितलं नाही.

मच्छिंद्राची जीभ टाळूला लागली.

रुस्तुमनं नुसती मान वळवली नाही. तो पूर्ण आला. जयसिंग गुडघ्यांवर फरपटत थोडा सोबत आला, मग दोर सुटला. झूल मागच्या घोड्याच्या पायांत गेली, घोडा बुजून उभा राहिला, आणि सरदार घोड्यावर टिकले तरी त्यांची पगडी टिकली नाही. ती रस्त्यावर पडली. चौघडा थांबला. भर दसऱ्याला सरदाराचं उघडं डोकं पुण्यानं पाहिलं, आणि त्या शांततेत रुस्तुम मच्छिंद्राच्या खांद्यांवर दोन्ही पंजे ठेवून आपला तुकडा मागत होता.

संध्याकाळी कारभारी गोपाळकृष्णपंतांनी दोघांना उभं केलं.

"जयसिंग, दोष कोणाचा?"

जयसिंगाचे गुडघे फुटले होते. त्यानं मच्छिंद्राकडे पाहिलं नाही. "जनावर आहे, पंत. जनावराचं मन."

"मच्छिंद्रा, तुला काही बोलायचंय?"

मच्छिंद्राला पुष्कळ बोलायचं होतं. तो जयसिंगाच्या फुटलेल्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

"तर मग दोष कुत्र्याचा," पंत म्हणाले. "सरदारांनी त्याला गोळी घालायला सांगितलं होतं. सणाचा दिवस म्हणून मी ती शिक्षा कात्रजपर्यंत खाली आणलीय. तिथं आपल्या मेंढ्या राखणारा भैरू धनगर आहे, त्याच्याकडे सोडून यायचं. पुण्यात पुन्हा दिसता कामा नये. उद्या तूच घेऊन जा. तुझ्याकडे फार ओढीनं येतो म्हणे."

पहाटे जयसिंगानं दोर त्याच्या हातात दिला. मऊ पट्टा मानेत तसाच होता.

"चांगला आवाज आहे तुमचा, मच्छिंद्रभाऊ," तो म्हणाला. "मला असा कधी जमला नाही."

टोमणा असता तर मच्छिंद्राला सोपं गेलं असतं. तो टोमणा नव्हता.

रुस्तुम सगळी वाट नीट चालला. पेठा मागे पडल्या, शहराला पाणी आणणाऱ्या नळाच्या कडेकडेनं कात्रजची वाट सुरू झाली. बघायला कोणी नव्हतं.

धनगरवाड्यावर भैरूनं कुत्र्याला एक फेरी मारून न्याहाळलं. "लई मोठं हाय की वो. रानात बिबट्या हाय, म्या खिळ्याचा पट्टा घालीन. चालंल न्हवं?"

"खिळे बाहेर असू देत," मच्छिंद्र म्हणाला. "आणि आत दोन बोटं सैल ठेव."

"वढतंय का?"

"ओढलं की उभं राहायचं. आपण ओढायचं नाही. ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच. त्यानं मागे बघितलं, दोर ढिला पडला, की तुकडा द्यायचा आणि चालायला लागायचं. पहिले काही दिवस कुठेच पोचणार नाहीस. पोचायची घाई करू नकोस."

"झ्याक हाय. तुमची रीत का ही?"

"नाही. जयसिंगांची. आमच्या वाड्यावर आहेत." हे नाव त्यानं आजवर घरात, दुकानात, ओट्यावर शेकडो वेळा घेतलं होतं. आदराचा अनुस्वार देऊन पहिल्यांदाच.

"अन् तुमची कंची रीत?"

"माझी?" मच्छिंद्रानं दोर भैरूच्या हातात दिला. "तो ओढायचा, मी जायचो."

भैरू हसला. मच्छिंद्र वळला आणि उतार उतरू लागला. मागे पंजांखाली खडे घसरल्याचा आवाज आला, भैरू कुत्र्यामागून फरपटत चार पावलं आला असावा. मग एक लांब, घोगरं केकाटणं. मच्छिंद्राची जीभ तोंडात आपोआप वर गेली. त्यानं ती दातांखाली धरली.

"वढतंय वो!" भैरू ओरडला.

"उभा राहा!" मच्छिंद्र मागे न बघता ओरडला. "नुसता उभा राहा. वळेल तो."

आणि स्वतः चालत राहिला.